दारूच्या घरातली गोष्ट लिहितेय, शेवट खोटा का वाटतोय?

रानजाई

मंडळी, दीड वर्ष एका कथेवर अडकून बसलेय. मदत हवी आहे, म्हणून धागा काढतेय.

कथेचा पूर्ण मसुदा सोबत जोडलाय. थोडक्यात अशी. लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली. वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे साच्यांवर (मागांवर) कापड विणायच्या खात्यात, कामाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होतो, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसतात, त्यात हेही. संप लांबतो, मिल उघडत नाही आणि वडील पिऊ लागतात. आई आधी पापड लाटते, मग एका घरी स्वयंपाकाला जाते. गोष्ट सांगणारी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मध्ये एक मोठा प्रसंग आहे: आई वडिलांना खोलीत घालून बाहेरून कडी लावते आणि मुलीला घेऊन चार दिवस शेजारी राहते. चौथ्या दिवशी दार उघडते तर वडील शांत बसलेले, चहा मागतात. काही महिन्यांनी पुन्हा सुरू होते. मग १९८५ मध्ये मामा त्यांना पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात सोडतो, ते बरे होऊन परत येतात. शेवटच्या परिच्छेदात आई देवापुढे दिवा लावते आणि तिघं एकत्र जेवायला बसतात.

मैत्रिणीनं वाचून एवढंच सांगितलं, "बाकी पटलं, शेवट पटला नाही." का, ते तिलाही सांगता येईना.

माझ्या घरात कोणी पीत नव्हतं, हे आधीच सांगते. शेजारच्या खोलीत होतं. दोन खोल्यांना भिंत एकच होती, त्यामुळे आवाज सगळे ठाऊक आहेत. पण आवाज ऐकणं आणि त्या खोलीत असणं यात फरक आहे, आणि कथेत तोच उघडा पडतोय अशी भीती वाटते. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी स्पष्ट लिहा. वाईट वाटून घेणार नाही.

सोनचाफा

विषय महत्त्वाचा आहे, कथा पूर्ण कराच. वाचायला थांबले आहे.

पाणवठा

शेवटाकडे नंतर येऊ. मला सुरुवातच खटकली. संप झाला आणि म्हणून वडील प्यायला लागले, हे फार सरळ आहे.

मराठीत दारूवर लिहायचं म्हटलं की 'एकच प्याला' मध्ये येतंच. गडकरी गेल्यावर, १९१९ मध्ये ते रंगभूमीवर आलं. सुधाकर हुशार वकील, कोर्टात अपमान होतो आणि तळीराम पहिला पेला पुढे करतो. नाटकाची ताकद अफाट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तेव्हापासून आपल्या कथांतल्या प्रत्येक दारुड्याला एक कारण लागतं. धंदा बुडाला, बायको गेली, नोकरी सुटली. वाचकाला त्यानं बरं वाटतं, कारण मग आपल्या घरात असं काही झालं नाही तर आपण सुरक्षित, असा हिशेब मांडता येतो.

माझे एक काका होते. त्यांच्या बाबतीत कारण शोधण्यात आमच्या घराची वीस वर्षं गेली. आजी म्हणायची बढती हुकली म्हणून. आत्या म्हणायची लग्न मनासारखं झालं नाही म्हणून. काका स्वतः दर वर्षी नवीन कारण सांगायचे आणि प्रत्येक वेळी ते खरंच वाटायचं. दारू आधी होती. कारणं नंतर गोळा होत गेली.

तुमच्या कथेत वडिलांना संपाआधी, पगाराच्या दिवशी, एकदा तरी प्यायलेलं दाखवा. घरानं त्याकडे काणाडोळा केलेला दाखवा. मग संप येऊ दे.

धोटा

पाणवठा, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. पण संपाला नुसतं निमित्त म्हणून सोडून देऊ नका. माझे वडील आणि आजोबा दोघंही साचेखात्यातले. आमच्या मजल्यावर बावीस खोल्या. संपाआधी पिणारे दोन-तीन होते, ते सगळ्यांना माहीत होते. संपाच्या दुसऱ्या वर्षी मोजायचं सोडून दिलं. पहाटे भोंग्याला उठायची सवय असलेला माणूस पहाटेच उठायचा आणि दिवसभर गॅलरीत उभा राहायचा. त्या उभं राहण्याचं काय करायचं हे कोणालाच सुचत नव्हतं.

रानजाई, दोन्ही ठेवा. आधी पगाराच्या दिवसाची दारू आणि नंतर भोंगा नसलेली सकाळ.

उंबरठा

मी सहसा इथे फक्त वाचते. आज लिहिते.

माझे यजमान चौदा वर्षं प्यायले. आता थांबून सहा वर्षं झाली. म्हणून मला तुमचा शेवट का खोटा वाटला ते सांगू शकेन.

आधी जिन्याचं सांगते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, बावीस पायऱ्या, मधे वळण. रोज साडेआठनंतर माझे कान जिन्यावर. ते वळणावर थांबले तर प्यायलेत. कारण तिथे शर्टाची बटणं लावायची, बडीशेप तोंडात टाकायची, केस सारखे करायचे. न थांबता वर आले तर दोनच शक्यता: प्यायले नाहीत, किंवा इतके प्यायलेत की लपवायची गरज उरलेली नाही. ते मग चपलांच्या आवाजावरून ठरवायचं. दार उघडेपर्यंत माझं ठरलेलं असायचं, मुलांना झोपवायचं की जेवायला बसवायचं, टीव्ही चालू ठेवायचा की बंद. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिला घड्याळ कळत नव्हतं, पण ती जिना ओळखायची.

मी काय काय केलंय! तांदळाच्या डब्यातून, संडासाच्या टाकीतून, स्कूटरच्या डिकीतून क्वार्टर शोधून मोरीत ओतल्यात. बाटलीवर पेनानं खूण केली. ऑफिसात फोन करून "ताप आहे" म्हणून सांगितलं, इतक्या वेळा की त्यांचे साहेब एकदा म्हणाले, "वहिनी, एकदा नीट तपासण्या करून घ्या." नणंदेच्या लग्नात चार तास त्यांच्या शेजारून हलले नाही आणि सगळे म्हणाले, काय जोडी आहे.

आणि मग ते थांबले. तुमच्या कथेत इथे दिवा लागतो. आमच्या घरी काय झालं? तिसऱ्या महिन्यात त्यांनी बँकेचं पासबुक मागितलं. एवढंच. माणूस घराची चौकशी करतोय, आनंद व्हायला हवा. मी पासबुक टेबलावर आपटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतकी वर्षं फी, गॅस, भिशी, सासूबाईंचं ऑपरेशन सगळं मी एकटीनं पाहिलं होतं. त्यांना परत यायचं होतं आणि त्यांची जागा घरात उरलेली नव्हती. मुलगा प्रगतीपुस्तकावर सही घ्यायला माझ्याकडेच यायचा. ते शेजारी पेन घेऊन बसलेले असायचे.

ते पीत होते तेव्हा मला रागवायला सवड नव्हती. राग आला तो ते थांबल्यावर. मला वाटलं मी वेडी झाले. मग एकीनं मला अल-अॅनॉनच्या सभेला नेलं. ही घरच्यांची संघटना, अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झाली, आपल्याकडेही तिच्या सभा भरतात. तिथे एक वाक्य म्हणतात: हे मी घडवलं नाही, हे मी आवरू शकत नाही, हे मी बरं करू शकत नाही. त्यातला पहिला तुकडा मोठ्यानं म्हणायला मला सहा आठवडे लागले.

एक शेवटचं. ते थांबून दोन वर्षं झाल्यावर एका रात्री जिन्याच्या वळणावर थांबले. माझे हात आपोआप चालू झाले. मुलांची ताटं उचलली, दिवा मालवला. ते वर आले आणि म्हणाले, "वळणावरचा बल्ब गेलाय, उद्या बदलतो." तुमच्या आईनं दिवा लावायच्या आधी हे सगळं कुठे ठेवलं, ते मला कथेत सापडलं नाही.

रानजाई

उंबरठा ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. काय लिहू कळत नाही. भिंतीपलीकडून मला हा जिना कधीच ऐकू आला नव्हता.

माळरान

मी व्यसनी आहे. आज प्यायलो नाही, असं नऊ वर्षं रोज म्हणतोय.

हे वाक्य मुद्दाम असं लिहिलं. तुमच्या कथेत "बरे होऊन परत येतात" असं आहे. आमच्या सभेत "बरा झालो" किंवा "सुटली" असं कोणी म्हणत नाही. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, ही पिणाऱ्यांची स्वतःची संघटना. तिची सुरुवात १९३५ सालची, अमेरिकेतल्या अॅक्रन गावातली. दोन पिणारे एकमेकांशी बोलत राहिले, त्यातला एक डॉक्टर. तेव्हापासून पद्धत तीच आहे, एका पिणाऱ्यानं दुसऱ्याला स्वतःचं सांगायचं आणि फक्त आजचा दिवस सांभाळायचा. कोणी पुन्हा प्यायला तर "स्लिप झाली" म्हणतात, आणि तो परत आला की खुर्ची पुढे करतात. ही भाषा वडिलांच्या तोंडी आली तर शेवटाचं निम्मं काम होईल.

दुसरं म्हणजे शपथ. तुमच्या कथेत वडील मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात आणि त्याच संध्याकाळी पितात. तिथे तुम्ही लिहिलंय की ते खोटं बोलले. मी अशी शपथ घेतलेली आहे. ती खोटी नव्हती. सकाळी दहाला ज्यानं घेतली त्याला ती पाळायचीच होती. संध्याकाळी सहाला पोटात काहीतरी पिळवटून यायचं, हात थरथरायचे, आणि मग डोकं स्वतःच वकिली सुरू करायचं: शपथ दारूची होती, बिअरची नाही. शपथ घरात न पिण्याची होती. आजचा दिवस वेगळा. ही वकिली लिहा. पिणाऱ्याचं डोकं जेवढं शपथ मोडायच्या वाटा शोधण्यात चालतं, तेवढं दुसऱ्या कशात चालत नाही.

तिसरं, सकाळ. सगळे लेखक रात्र लिहितात, शिवीगाळ, फुटलेली भांडी. माझ्यासाठी सकाळ वाईट होती. रात्रीचं काही आठवायचं नाही. आठवत नाही असं नाटक करतो असं घरच्यांना वाटायचं, पण खरंच पाटी कोरी असायची. मग उठल्यावर मी आधी घर वाचायचो. खुर्ची जागेवर आहे का? बायको चहाचा कप हातात देते की ओट्यावर ठेवते? मुलगा माझ्याकडे बघतो का? त्यावरून रात्री मी काय केलं असेल याचा अंदाज बांधायचा आणि त्या मापाची माफी मागायची. एकदा मी फार मोठी माफी मागितली आणि बायको म्हणाली, "काल तुम्ही काहीच केलं नाही. आल्या आल्या झोपलात." तिचा तो चेहरा माझ्यानं विसरवत नाही.

सोनचाफा

माळरान, उंबरठा, तुम्ही दोघांनी हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

शुश्रूषा

मी मनोविकार विभागात सतरा वर्षं परिचारिका आहे. रानजाई, शेवटाचं इतर बघतील, पण तो कोंडण्याचा प्रसंग आहे तसा छापू नका अशी कळकळीची विनंती.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर सहा ते बारा तासांत हात थरथरायला लागतात, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ताप चढतो, नाडी धावते, आपण कुठे आहोत याचं भान जातं, अंगावर किडे फिरताना दिसतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. तुमच्या कथेत चार दिवस बाहेरून कडी आहे आणि चौथ्या दिवशी माणूस चहा मागतो. असं वाचून कोणाच्या घरी कडी लागली तर? दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन.

तसंच दुसऱ्या एका पानावर आई डाळीत गोळी मिसळते. ती डायसल्फिराम असणार. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून देण्याचं ते औषध आहे. चोरून दिल्यानं जीव जाऊ शकतो. बायका हे करतात, मला माहीत आहे, आमच्याकडे रडत येऊन सांगतात. कथेत आईनं केलं तर करू दे, पण मग परिणामही खरा दाखवा.

आता लेखिका म्हणून तुमच्या कामाची एक गोष्ट. या भ्रमात बरेच रुग्ण आपलं काम करत असतात. शिंपी हवेत सुई ओवतो. एक रिक्षावाले रात्रभर मीटर पाडत होते आणि मला "कुठे जायचं ताई" विचारत होते. तुमचे वडील साच्यावर काम करणारे आहेत. त्यांच्या हातांना त्या रात्री काय आठवेल, ते तुम्हीच शोधा.

आणि एक दुरुस्ती. मुक्तांगण १९८५ मध्ये नव्हतं. डॉ. अनिता अवचटांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि त्यामागे आधी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनाचा प्रश्न होता. वर्ष पुढे सरकवा.

पळसफूल

मी यवतमाळ जिल्ह्यातून लिहितेय. सगळी चर्चा खोलीच्या आत चाललीय. आमच्याकडे दारूची गोष्ट चावडीवरही घडते, तिकडे लक्ष वेधते.

गावातलं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान होतं, आडवी बाटली (दुकान बंद) की उभी बाटली (दुकान चालू). जितक्या बायका मतदार यादीत आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. हजर असलेल्यांच्या निम्म्याहून नाही, यादीतल्या. म्हणजे कापूस वेचायला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, यादीत नाव राहिलेली पण मेलेलीसुद्धा, सगळ्या जणू उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. एका मतदानात मी बैलगाडी घेऊन बायकांना शेतातून आणायला गेले होते. एक म्हणाली, "रोजी बुडेल." तिचा नवरा पिणारा, रोजी तिचीच, आणि ती बुडवायची तर संध्याकाळी पोरांना काय घालायचं? ती आली. रोजी कोणी भरून दिली नाही.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. दोन्ही वेळा ज्या बायका बोलत होत्या त्यांच्यावर कोणी कथा लिहिली असेल तर मला वाचायची आहे. रानजाई, तुमची कथा चाळीची आहे, ती तशीच राहू दे. पण आईला एकटी सोसणारी दाखवू नका. चाळीत चार बायका नक्की असतील ज्या एकमेकींना काही न विचारता उसनी साखर देत होत्या.

केळफूल

मी पिणाऱ्या बापाची मुलगी. वय एकेचाळीस. एक गोष्ट आजवर कुठे लिहिली नाही.

माझे बाबा न पिता असले की गप्प असायचे. कोरडे. दोन पेग झाले की जगातला सगळ्यात छान बाप घरी यायचा. जिलेबी आणायचा, मला खांद्यावर घ्यायचा, गाणं म्हणायचा, आईचं कौतुक करायचा. तो अर्धा-पाऊण तास टिकायचा. नंतर जो यायचा त्याच्यापासून आम्ही मोरीत लपायचो. मी लहानपणी देवाला सांगायचे की बाबांना दोनच पेग पिऊ दे. दारू सोडू दे असं मी कधी मागितलं नाही. त्याची लाज मला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिली.

त्यांनी सोडली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मारणारा बाप गेला आणि त्याच्याबरोबर जिलेबीवालाही गेला. मला त्या जिलेबीवाल्याची आठवण यायची, आणि आईसमोर ते बोलायची सोय नव्हती. रानजाई, तुमची नऊ वर्षांची मुलगी फक्त घाबरलेली आहे. मला ती एवढ्यासाठीच खोटी वाटली.

वाटसरू

केळफूल, तुमचा अनुभव नाकारत नाही. पण हे कथेत आलं तर वाचणाऱ्या एखाद्या मुलीला वाटेल की दारू प्यायलेला बाप चांगला असतो. लिहिणाऱ्यावर काही जबाबदारी आहे की नाही?

केळफूल

वाटसरू, त्या मुलीला ते आधीच वाटतंय. तिला हे वाटणारी आपण एकटीच आहोत असं वाटू नये, एवढीच माझी धडपड.

माळरान

केळफूलच्या बाजूनं. माझ्या मुलानं मला हेच ऐकवलं, मी थांबून तिसऱ्या वर्षी. "तुम्ही आता हसत नाही." खरं होतं. नुसतं न पिणं वेगळं आणि जगायला लागणं वेगळं. मला हसायला पुन्हा शिकावं लागलं.

पाणवठा

एक अवघड प्रश्न राहिलाय. रानजाई, शेजारच्या खोलीतलं कुटुंब आज हयात आहे का? तुम्ही त्यांना सांगितलंय?

माझ्या काकांवर मी एकदा एक गोष्ट लिहिली. नावं, गाव, धंदा सगळं बदललं. काकूनं वाचली आणि एवढंच म्हणाली, "माझी निळी साडी का घातलीस तिला?" मला ती साडी बदलायचं सुचलं नव्हतं. तिनं गोष्टीवर दुसरं काही बोललं नाही आणि तेव्हापासून माझ्यासमोर काकांचा विषय काढला नाही.

उंबरठा

पाणवठा, मी इथे लिहिण्याआधी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "बल्बचं लिही." म्हणून लिहिलं.

रानजाई

चार दिवस इथे आले नाही, कारण गावी गेले होते. शेजारच्या काकू आता कोकणात असतात. काका १९९९ ला गेले. मी त्यांना सांगितलं की मी तुमच्या घराबद्दल लिहितेय, नावं नाहीत, पण तुम्हाला कळेल. त्या बराच वेळ फणसाचे गरे सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही. पण त्यांना नुसता दारुडा करू नको. साच्यावर त्यांच्यासारखा हात कोणाचा नव्हता."

मग विषय निघाला तशी एक गोष्ट त्यांनी सांगितली. काकांनी एकदा आपणहून सोडली होती, घरातच, आणि तिसऱ्या रात्री ते भ्रमिष्टासारखे करत होते. दोन्ही हात पुढे धरून, ओठांचा चंबू करून सारखे ओढल्यासारखं करायचे. काकूंना वाटलं दारू मागताहेत. त्यांनी शेवटी घाबरून शेजारून आणून दोन घोट पाजले. तेव्हा ते शांत झाले, पण काकूंना आजही वाटतं की त्यांची सोडलेली दारू आपण परत सुरू केली.

शुश्रूषा, हे तुम्ही म्हणता तेच असेल का? धोटा, ओठांचं काही असतं का साचेखात्यात?

धोटा

रानजाई, वाचून अंगावर काटा आला.

हो, असतं. धोटा म्हणजे साच्यात आडवं सूत इकडून तिकडे नेणारी लाकडी नाव. धोट्यात सुताची नळी भरली की तिच्यावरच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. जुन्या साच्यांवर ते तोंडानं ओढायचे. धोटा दोन्ही हातांत धरायचा, भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत घ्यायचा, की सूत तोंडात येतं. पाळीत कितीतरी वेळा. सुताचा भुगा छातीत जायचा, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागायचा, त्यातून क्षय पसरायचा. आणि याच उष्ट्याच्या कारणावरून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत, जिथे पगार बरा होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता.

आजोबा म्हातारपणी सुद्धा विचारात असले की त्यांचे ओठ तसे व्हायचे. तुमचे काका दारू मागत नव्हते. ते सूत ओढत होते.

शुश्रूषा

रानजाई, बहुतेक तेच. आणि काकूंना एक सांगा. त्या रात्री दवाखाना हाच खरा उपाय होता, पण घरात, औषधाशिवाय, त्या अवस्थेत माणूस दगावू शकला असता. त्यांनी दोन घोट पाजले म्हणून दारू परत सुरू झाली असं आम्ही कोणीच म्हणणार नाही. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

रानजाई

फोन केला. धोटा आणि शुश्रूषा, तुम्ही दोघांनी लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, "सूत?" आणि थोड्या वेळानं पुन्हा, "सूतच ओढत होते?"

कडीचा प्रसंग काढून टाकला. दिव्याचाही. जिलेबी घेतली आहे, केळफूल, तुमची हरकत नसेल तर. सुरुवात भोंग्यापासून आहे. शेवट अजून नाही, पण मधला तुकडा हा असा झालाय:

"तिसऱ्या रात्री अण्णा उठून बसले. दोन्ही हात छातीशी आणले, काहीतरी लांबुळकं धरल्यासारखे. मग मान खाली घालून ओठ त्याला लावले आणि श्वास आत ओढला. पुन्हा ओढला. आई म्हणाली, मागताहेत. ती चप्पल न घालता बाहेर गेली. मी पलंगाच्या कडेला बसून बघत होते. अण्णांच्या हातात काही नव्हतं, तरी ते संपलं की बाजूला ठेवून दुसरं उचलत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला सरकायला खूण केली, साच्याच्या आड आले होते म्हणून. मी सरकले. आई ग्लास घेऊन आली तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं की ते कामावर आहेत. पण मी नऊ वर्षांची होते आणि मला साचा कधी दिसला नव्हता."

उंबरठा ताई, चाळीच्या जिन्याला वळण होतं का ते काकूंना विचारायचं राहिलं. रविवारी विचारते.